आवक नोंदवही, महापे

खोका थर्माकोलचा, दोन्ही हातांनी उचलावा एवढा.
आत कोरडा बर्फ, वाफ सोडत बसलेला,
आणि तळाशी चाचपडल्यावर
करंगळीच्या पेराएवढी कुपी.
तीस मायक्रोलिटर.
डोळ्यांत घालायचा थेंबही याहून मोठा पडतो.

मी नोंद करते. तारीख, वेळ, चलान नंबर,
पोचतानाचं तापमान.
पदार्थ : रिकॉम्बिनंट एन्झाइम.
मूळ जीव : माणूस.
वाढवलं कशात : जिवाणूत.
आणि लेबलाच्या तळाला, लाल अक्षरांत :
फक्त संशोधनासाठी. माणसांवर वापरू नये.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसले होते.
माणसाचंच, आणि माणसालाच वर्ज्य.
लोबो मॅडम म्हणाल्या, हसू नकोस, बस इथे.
चलानाच्या पाठीवर त्यांनी एक माळ काढली,
वेडीवाकडी, गुंडाळलेली,
शेवटी सहा मणी एकसारखे.
ही शेपटी त्याची स्वतःची नाही, म्हणाल्या, आपण जोडतो.
जिवाणू फोडला की हजार प्रथिनांचा रगडा होतो,
त्यातून हे एकच ओढायचं
तर धरायला काहीतरी हवं ना.
शेपटी निकेलला चिकटते.
बाकी सगळं धुऊन जातं.

मला ते लगेच कळलं.
माझ्याही नावाच्या शेवटी जोडलंय,
रंजिता भोईर, प्रकल्पग्रस्त.
त्याला धरूनच उचललं मला चौदा जणींमधून.
दाखला आजोबांच्या नावाचा, घड्यांवर फाटलेला :
भातशेती, एक एकर सात गुंठे.
हे गोदाम त्यातच येतं कुठेतरी.
बाबा म्हणतात, तुझा फ्रीजर आहे ना, तिथे आपलं खळं होतं.
आई म्हणते, खळं कॅन्टीनच्या जागी.
तीस वर्षं झाली, दोघांचं जुळलेलं नाही.

मॅडम, पण हे ज्याचं, तो माणूस कोण?
कोणी नाही गं. आता नुसती अक्षरं उरलीत,
संगणकावरून मागवायची.
मग थांबून म्हणाल्या,
तुझ्यातही आहे की. आत्ता, तू बोलतेयस तेव्हासुद्धा
काम चालू आहे त्याचं.
मी उगाच बरगड्यांखाली हात ठेवला.
एका कुपीची किंमत माझ्या दोन पगारांएवढी,
आणि आत हे फुकट.

शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज जाते.
त्या शुक्रवारी जनरेटर दोनदा खोकला आणि बसला.
फ्रीजर ओरडायला लागला.
उणे ऐंशी. उणे बहात्तर. दुपारी उणे चौसष्ट.
मॅडम पुण्यात, फोन बंद.
वॉचमन खिलारे म्हणाले, मी फक्त गेटचं बघतो.
मग मी भावाला टेम्पो घेऊन बोलावलं,
तुर्भ्याहून वीस किलो कोरडा बर्फ.
येताना त्याला बजावलं, काचा उघड्या ठेव,
याच्या वाफेनं माणूस बसल्या जागी निजतो.
तो म्हणाला, एवढ्यासाठी? दाखव तरी काय आहे.

हातमोज्यातल्या तळव्यावर मी कुपी धरली, क्षणभरच.
त्याला सदतीस अंश लागतात.
त्या उबेत ते जागं होतं, कामाला लागतं,
एक साखळी तोडतं, दुसरी धरतं,
स्वतः आहे तसंच राहतं.
पण कुपीत एकदा जागं झालं
की थोड्याच दिवसांत संपतं.
तळवा ऊब द्यायला लागला होता.
मी कुपी बर्फात खोचली.

तीन चाळीस. उणे एकसष्ट. कुपी शाबूत.
सव्वासहाला वीज आली.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं सुचेना,
भावाच्या टेम्पोचं भाडं लिहिलं.

रात्री बाबा म्हणाले, एवढा उशीर?
म्हटलं, तुमच्या खळ्यावर बर्फ टाकत होते.
आई आतून म्हणाली,
खळं तिथे नव्हतं.